विषय: वर्धापनदिनाच्या कापडी पिशव्या

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,

वर्धापनदिनाला यंदा प्रत्येक कुटुंबाला पर्यावरणपूरक भेट द्यायचं समितीत ठरलं आहे. मंडळाचं बोधचिन्ह छापलेली सुती पिशवी सगळ्यांना पसंत पडली. १८० कुटुंबं आहेत, थोड्या जास्तीच्या धरून २०० मागवू. पिशवीच्या मागच्या बाजूला घरच्या घरी करता येतील अशा पाच गोष्टी छापायच्या आहेत. सुचवा, पण एका ओळीत मावतील अशाच. हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे.

— सचिव

*

प्रेषक: माजी खजिनदार

सचिवताई,

हरकत आहे. तुमची मेल वाचून उठलो आणि दारामागच्या खुंटीवरच्या पिशव्या मोजल्या. बारा निघाल्या. त्यातल्या चार आपल्याच मंडळाच्या.

डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१८ साली निरनिराळ्या पिशव्यांची तुलना केली होती. साध्या प्लॅस्टिक पिशवीच्या तुलनेत सुती पिशवीने हवामानापुरतं आपलं ओझं फेडायचं तर ती ५२ वेळा वापरावी लागते. पाणी, ओझोन वगैरे सगळे निकष धरले की तोच आकडा ७,१०० वर जातो. त्या मोठ्या आकड्यावर बरेच वाद आहेत, म्हणून मी आपला ५२ च धरतो. आठवड्याला एकदा बाजार केला तर एका पिशवीला एक वर्ष लागतं. माझ्या बारा पिशव्या पाळीपाळीने वापरल्या तर बारा वर्षं! आता तुम्ही तेरावी देणार.

पिशवी डोळ्यांना दिसते, म्हणून आपण तिच्याभोवती फिरतो. घरातला खरा खर्च दिसत नाही, कारण तो उष्णतेचा असतो. एक युनिट विजेत ८६० लिटर पाणी जेमतेम एका अंशाने तापतं. शॉवरमधून मिनिटाला ९ लिटर पाणी येत असेल आणि दहा मिनिटं अंघोळ चालली तर ९० लिटर झालं. ते १५ अंशांवरून ४० वर न्यायला २.६ युनिट लागतात. तेवढ्या विजेत ९ वॅटचा एलईडी दिवा बारा दिवस अहोरात्र जळेल. आणि भिंतीत नुसताच खोचून ठेवलेला मोबाइलचा चांगला चार्जर, ज्यावरून आमच्या घरात रोज वादावादी होते, तो ०.१ वॅट घेतो. एका अंघोळीत त्याची जवळजवळ तीन वर्षं निघतात. आता मी चार्जरवरून कोणाला बोलत नाही. बाथरूमच्या दारावर टकटक मात्र करतो.

चार माणसांच्या घरात प्रत्येकाने चार मिनिटं कमी केली तर दिवसाला चारेक युनिट वाचतात. शॉवरचं तोंड कमी पाण्याचं बसवलं तर टकटकही करावी लागत नाही.

हाच हिशोब थंडीत घर तापवणाऱ्यांनाही लागू होतो. बाहेर ५ अंश आणि आत २१, म्हणजे फरक सोळाचा. आतलं तापमान एका अंशाने उतरवलं की बाहेर झिरपणारी उष्णता एक-सोळांशाने कमी होते, सहा टक्क्यांच्या आसपास. एका स्वेटरचं काम आहे. आधी दारं-खिडक्यांच्या फटी बुजवा, ते त्याहून बरं.

पिशवीवर हे सगळं मावणार नाही याची कल्पना आहे.

— माजी खजिनदार

*

प्रेषक: एक सदस्य

कृपया सर्वांना उत्तर पाठवू नका. इनबॉक्स भरतो.

*

प्रेषक: बालविभाग

काका, गणित पटलं, पण तुमच्या घरात आता धुणं किती निघतं? माझ्याकडे दोन लहान मुलं आहेत आणि मशीन रोज लागतं.

तुमच्याच नियमाने मी वर्षभरापूर्वी मशीन ३० अंशांवर आणलं, कारण गरम पाण्याच्या धुण्यात बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते. कपडे तेवढेच स्वच्छ निघतात. टॉवेल, अंथरुणं आणि घरात कोणी आजारी असेल तर मात्र ६० अंश, तिथे काटकसर करत नाही. मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावत नाही. मुलांचा गणवेश एकच असेल तर हे जमत नाही, दोन घ्यावे लागतात. त्याला इलाज नाही.

मग उत्साहाच्या भरात ड्रायर बंद करून सगळं स्टँडवर वाळवायला लागले. इथे फसले. पिळून निघालेल्या एका धुण्यातही दोनेक लिटर पाणी उरतं आणि ते सगळं घराच्या हवेत जातं. खिडक्या बंद, दोन महिन्यांत कपाटामागच्या भिंतीला बुरशी. धाकट्याचा खोकला वाढला तो वेगळाच. आता मशीनचं पिळणं सगळ्यात वेगवान ठेवते, स्टँड एकाच खोलीत, दार लावून आणि खिडकी किलकिली करून. पावसाळी आठवड्यात सरळ ड्रायर लावते. अपराधी वाटून घेत नाही. पुढचा ड्रायर हीट पंपचा घ्यायचा, त्याला जवळपास निम्मी वीज लागते. पण आत्ताचा मोडल्यावर. चालतं मशीन काढून नवं ‘पर्यावरणपूरक’ आणायचं हे मला कधी कळलेलं नाही.

मुलांचे कपडे आणि सायकली मंडळातच फिरवता येतील का? सहा महिन्यांत बूट लहान होतात.

*

प्रेषक: आणखी एक सदस्य

आमच्याकडे स्वयंपाकघर माझ्याकडे असतं, म्हणून लिहितो. उष्णता झाली, आता कुजणारं.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६० टक्के घरांतून. हॉटेलं नव्हेत, लग्नं नव्हेत, आपली घरं. ते कचऱ्याच्या डोंगराखाली हवेविना कुजलं की मिथेन निघतो आणि वीस वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो.

आधी मीही खतासाठी बादली आणली होती. बायको म्हणाली, बादली भरते कशाने ते बघ. पंधरा दिवस टाकलेलं लिहून काढलं. सालं-देठं कमी, विसरलेलंच जास्त. तेव्हापासून फ्रिजचा वरचा कप्पा ‘आधी हे संपवा’ असा ठेवला आहे. उरलेलं पारदर्शक डब्यातच, कारण झाकलेल्या पातेल्यात काय आहे ते कोणी उघडून बघत नाही. आठवड्यातला एक दिवस बाजार नाही, असेल त्यातच भागवायचं. मुलं त्या दिवसाला नावं ठेवतात, पण जेवतात. फ्रिज ४ अंशांवर आहे ना तेही एकदा थर्मामीटर ठेवून बघा. आमचा ८ वर होता, दूध लवकर का नासतं ते तेव्हा कळलं.

पाकिटावरच्या ‘बेस्ट बिफोर’ आणि ‘यूज बाय’ या तारखा एक नव्हेत. पहिली चवीची असते, दुसरी सुरक्षिततेची. दुसरी पाळा. पहिलीनंतर नाक वापरा.

बादली अजून आहे. दोन महिन्यांनी भरते.

*

प्रेषक: माजी खजिनदार

बालविभागाचं पोचलं. बुरशीचं मी धरलं नव्हतं.

एक राहिलं. गेल्या कार्यक्रमाला ‘कंपोस्ट होणारी’ ताटं-वाट्या आणल्या होत्या. अशा बऱ्याच वस्तूंची चाचणी कारखान्यातल्या ५८ अंशांच्या आसपासच्या उष्णतेवर होते. घरच्या ढिगात तेवढी उष्णता टिकत नाही. दीड वर्षापूर्वी मी बागेत पुरलेला त्यातला एक पेला परवा उकरला. धुवून परत वापरता येईल.

*

प्रेषक: सचिव

मंडळी,

पिशव्या रद्द. दारापाशी एक खोका ठेवू, ज्यांच्या खुंटीला जड झालं आहे त्यांनी त्यात जास्तीच्या पिशव्या टाकाव्यात, लागतील त्यांनी न्याव्यात. शेजारी मुलांच्या कपड्यांचं आणि बुटांचं टेबल, बालविभाग बघेल. बूट धुतलेले आणा.

पाच ओळींचा नाद सोडला. खजिनदार काका तो पेला घेऊन येतील आणि दहा मिनिटं बोलतील. दहाच, काका.

जेवण या वेळी धुण्याजोग्या ताटांत. मंडळाच्या कपाटात पूर्वी घेतलेली १२० ताटं आहेत, उरलेल्यांनी घरून आणावीत. भांडी धुवायला सहा जण हवेत. हॉलमधल्या डिशवॉशरमध्ये ताटं आधी नळाखाली विसळून घालू नका, खरकटं निपटलं की पुरे. मशीन गच्च भरून इको मोडवर लावा. वेळ जास्त लागतो तो पाणी कमी तापवतं म्हणून, बिघडलंय समजून मध्येच बंद करू नका. मागच्या वेळी केलं होतं.

अडचण एकच, कपाटाची किल्ली सापडत नाही. कोणाकडे आहे?

*

प्रेषक: एक सदस्य

माझ्याकडे. तीन वर्षं झाली. सर्वांना उत्तर पाठवल्याबद्दल क्षमस्व.