मदत हवी आहे: रीयुनियन बेटावर पायी भटकंती, वाटाड्या आणि दुखरा गुडघा

नमस्कार. येत्या सप्टेंबरमध्ये मी आणि माझी पत्नी नऊ दिवसांसाठी रीयुनियन बेटावर जाण्याच्या विचारात आहोत. हे बेट मादागास्करच्या पूर्वेला असून फ्रान्सचा भाग आहे, आणि मॉरिशसहून विमानाने पाऊण तासात तेथे पोहोचता येते.

इतक्या ठिकाणांतून हेच का निवडले, ते आधी सांगतो. मी गेली तीस वर्षे सह्याद्रीत हिंडतो आहे. ज्या कातळावर आपण चढतो तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, आणि बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते तो लाव्हा भूगर्भातील ज्या तप्तस्थानातून वर आला, तेच तप्तस्थान आज रीयुनियनच्या खाली आहे. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, छागोस अशी बुडालेली रांग उरली. आपल्या डोंगरांचा उगम अजून धगधगत असताना तो डोळ्यांनी पाहावा, एवढीच इच्छा आहे. पत्नीला ज्वालामुखीपेक्षा पक्षी आणि नेचे यांत अधिक रस असल्यामुळे बेलूव्हच्या जंगलासाठी एक दिवस राखून ठेवला आहे.

सप्टेंबर निवडण्याचे कारण असे की मे ते ऑक्टोबर हे तेथील कोरडे महिने आहेत. पावसाळ्यात तेथे जाण्याचे धाडस मी करणार नाही, कारण जानेवारी १९६६ मध्ये या बेटावरील फोक-फोक येथे चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि तो आजही जागतिक विक्रम मानला जातो. ऑक्टोबरमध्ये बेट आडवे पार करण्याची प्रसिद्ध धावण्याची शर्यत असते, तेव्हा डोंगरातील मुक्कामाच्या जागा मिळणे कठीण होते असे वाचले.

आता अडचण सांगतो. माझे वय ५८ आहे. चढ मला अजूनही जमतो, पण डाव्या गुडघ्यामुळे लांबलचक उतार जमत नाही. मनात तीन ठिकाणे आहेत. पहिले म्हणजे पितों द ला फुर्नेझ हा २,६३२ मीटर उंचीचा जागृत ज्वालामुखी. दुसरे, माफातचे खोरे, जेथे एकही मोटाररस्ता नसून वस्त्यांपर्यंत पायी किंवा हेलिकॉप्टरनेच जाता येते. तिसरे, पितों दे नेज हे बेटावरील सर्वांत उंच, सुमारे ३,०७० मीटरचे शिखर. या तिन्हींपैकी काय ठेवावे आणि काय गाळावे? माफातमध्ये वाटाड्या घ्यावा की नाही? वाटांवर रंगाच्या खुणा आहेत असे कळते, आणि खुणा असलेल्या वाटेसाठी पैसे मोजणे मनाला पटत नाही. शेवटचा प्रश्न खाण्याचा आहे. आम्ही दोघेही शाकाहारी आहोत आणि फ्रेंच कोणालाच येत नाही.

प्रतिसाद

मी मॉरिशसमध्ये राहतो आणि रीयुनियनला चार वेळा पायी फिरून आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पितों दे नेज गाळा. सिलाओस गावाजवळच्या वाटेची सुरुवात सुमारे १,३८० मीटरवर आहे. पहिल्या दिवशी २,४७८ मीटरवरील निवाऱ्यापर्यंत चढून मुक्काम करतात आणि पहाटे तीनच्या सुमारास अंधारात शिखराकडे निघतात. सूर्योदय अप्रतिम असतो यात शंका नाही, पण त्यानंतर बहुतेक लोक त्याच दिवशी थेट खाली येतात. म्हणजे समुद्रकिनाऱ्यापासून कळसूबाईच्या माथ्यापर्यंत जेवढी उंची आहे, त्याहून अधिक उतार एका दिवसात, तोही दगडी पायऱ्यांचा. तुमच्या गुडघ्याला हे शिखर मानवणार नाही.

माफात मात्र अवश्य करा, पण उलट्या दिशेने. बहुतेक जण सालाझीच्या खोऱ्याच्या बाजूच्या कोल दे बफ या १,९५६ मीटर उंच खिंडीतून उतरतात, ला नुव्हेल आणि मार्ला या वस्त्यांत मुक्काम करतात आणि कोल द्यू ताइबी ही २,०८१ मीटरची खिंड ओलांडून सिलाओसच्या खोऱ्यात बाहेर पडतात. यात सर्वांत वाईट उतार शेवटी येतो, ताइबीपासून रस्त्यापर्यंत आठशे मीटरच्या आसपास. तीच वाट सिलाओसकडून सुरू केली तर हा आठशे मीटरचा टप्पा चढ होतो, आणि एकूण उतार जवळपास निम्म्यावर येतो. चढ अर्थातच वाढतो, पण तो जमतो असे तुम्हीच लिहिले आहे.

वाटाड्याबद्दल माझे मत असे की वाट सापडण्यासाठी त्याची गरज नाही. लांब पल्ल्याच्या वाटांवर पांढऱ्या-तांबड्या खुणा स्पष्ट आहेत. खरी अडचण गाडीची आहे. वाट एका खोऱ्यात सुरू होऊन दुसऱ्या खोऱ्यात संपते, आणि मध्ये डोंगर असल्यामुळे गाडीने परतताना किनाऱ्यावर उतरून अर्ध्या बेटाला वळसा घालावा लागतो. वाटाड्याच्या संस्थेने ने-आण केली तर तेवढ्यासाठीच पैसे वसूल होतात. शिवाय या वस्त्या प्रथम पळून आलेल्या गुलामांनी वसवल्या, आणि कोणता कडा कोणाच्या नावाने ओळखला जातो हे स्थानिक माणसाशिवाय कळत नाही.

ज्वालामुखीवर पा द बेलकोंबपासून स्वतःच जा. पाचशेहून अधिक पायऱ्या उतरून आंक्लोच्या लाव्ह्याच्या मैदानात जावे लागते आणि परतताना, थकलेल्या पायांनी, त्याच चढाव्या लागतात. मैदानात वाट दाखवणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांपासून दूर जाऊ नका, कारण ढग उतरले की दहा पावलांवरचे दिसत नाही. ढग साधारण सकाळी दहानंतर येतात, म्हणून पहाटेच निघा. दोलोमियू विवराच्या काठापर्यंत जाऊन येण्यास सुमारे पाच तास लागतात. २००७ च्या उद्रेकात या विवराचा तळ सुमारे तीनशे मीटर खचला. ज्वालामुखीच्या वेधशाळेने इशारा दिला की आंक्लोमधील प्रवेश बंद होतो, तेव्हा हा दिवस सहलीच्या सुरुवातीला ठेवा, म्हणजे हुकला तरी पुढे दुसरी संधी राहील. पूर्व किनाऱ्यावर २००४ च्या लाव्ह्याच्या बोगद्यांत मात्र वाटाड्याशिवाय जाऊ नये. तेथे काही ठिकाणी ओणवे होऊन सरकावे लागते, त्यामुळे गुडघ्याची कल्पना त्याला आधीच द्या.

खाण्याचे म्हणाल तर डोंगरातील मुक्कामघरांत रात्री भात, कडधान्य आणि बहुधा कोंबडीचा किंवा सॉसेजचा रस्सा असतो. नुसते ‘शाकाहारी’ म्हटले की मासे वाढले जाण्याची शक्यता असते, म्हणून आरक्षण करतानाच मांस नको आणि मासेही नकोत असे दोन्ही लिहून कळवा. भात, घेवडा, पालेभाजी आणि टोमॅटोची झणझणीत चटणी एवढे मिळाले की आपले पोट भरते. रात्री फार थंडी असते, तेव्हा ‘उष्ण कटिबंधातील बेट’ या शब्दांवर विसंबून गरम कपडे घरी ठेवू नका.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. वाट उलटी करण्याची कल्पना मला सुचलीच नव्हती. पितों दे नेज गाळत आहे, आणि पत्नीला याचा माझ्याहून अधिक आनंद झाला आहे, कारण वाचलेले दोन दिवस तिने लगेच बेलूव्ह आणि रोश एक्रीतसाठी मागून घेतले. रोश एक्रीतच्या जंगलातच आढळणारा तुइत-तुइत हा दुर्मीळ पक्षी तिला पाहायचा आहे. एकच शंका उरते: मार्लामध्ये दोन रात्री राहावे की एक मार्लात आणि एक ला नुव्हेलमध्ये? सामान फार हलवावे लागू नये अशी इच्छा आहे. रीयुनियन शेंगेन क्षेत्रात नसल्यामुळे व्हिसाचा अर्ज वेगळा करावा लागेल असे दिसते. ज्यांनी तो अलीकडे भारतातून केला असेल त्यांनी आपला अनुभव कृपया येथे लिहावा.