आयव्हर्सनचे खरे मोल किती, आणि त्याच्याभोवती संघ कसा उभारावा?

रिंगणाबाहेर:
नमस्कार. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या २००१ च्या अंतिम मालिकेतला पहिला सामना परवा पुन्हा एकदा पूर्ण पाहिला. फिलाडेल्फियाचा गार्ड ॲलन आयव्हर्सनने त्यात ४८ गुण केले, फिलाडेल्फियाने लॉस एंजेलिसच्या लेकर्सना जादा वेळेत १०७-१०१ असे हरवले, आणि तोवर त्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, लेकर्स एकही सामना हरले नव्हते. खाली पडलेल्या लेकर्सच्या टायरन लूला ओलांडून तो ज्या तोऱ्यात चालत गेला, ते दृश्य सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र या वेळी दुसरीच गोष्ट खटकली. ४८ गुणांसाठी त्याने ४१ शॉट मारले होते आणि त्यांतले १८ बसले होते. पुढचे चारही सामने लेकर्सनी जिंकले, हे वेगळे सांगायला नकोच.

माझा प्रश्न असा आहे की, इतके शॉट एकट्यानेच घेणारा खेळाडू संघाला वर नेतो, की त्याच्यामुळे संघाला एका उंचीपलीकडे जाताच येत नाही? त्या हंगामात त्याला सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला, तो रास्त होता का? आणि आपल्या हाती संघ दिला असता, तर त्याच्या जोडीला आपण कोणाला घेतले असते?

आकडेमोड:
आधी हिशेब नीट मांडू. २०००-०१ मध्ये त्याचे सामन्यागणिक ३१.१ गुण होते, त्यासाठी सुमारे २५.५ शॉट आणि दहा फ्री थ्रो (फाउलनंतर विनाअडथळा मिळणारे शॉट) लागत होते, आणि शॉट बसण्याचे प्रमाण ४२ टक्के होते. तीन गुणांचे शॉट आणि फ्री थ्रो धरून एकूण कार्यक्षमता काढली, तर ती त्या वर्षीच्या लीगच्या सरासरीच्या आसपास येते. टीकाकार इथेच थांबतात आणि म्हणतात की हा सरासरी खेळाडू होता, फक्त हावरट होता.

मला ही मांडणी अर्धवट वाटते. इतर खेळाडू ती सरासरी राखतात ती आठ-दहा शॉटवर, आणि तेही बहुधा दुसऱ्याने मोकळे करून दिलेल्या शॉटवर. शॉट घेण्यासाठी मिळणाऱ्या चोवीस सेकंदांतले पाचच उरले आहेत, आखलेली चाल फसली आहे आणि समोर दोन बचावपटू उभे आहेत, अशा वेळी येणारा चेंडू कोणीतरी घ्यावाच लागतो. फिलाडेल्फियात तो उकिरडा आयव्हर्सनच्या वाट्याला येत होता, आणि तो उपसूनही त्याने सरासरी राखली. शिवाय त्या वर्षी चेंडू हिसकावण्यात, म्हणजे स्टील्समध्ये, तो लीगमध्ये पहिला होता, हेही त्याच खात्यात जमा धरावे.

नागपूरकर:
मी शाळकरी मुलांना बास्केटबॉल शिकवतो, त्यामुळे मला हा प्रश्न आकड्यांपेक्षा उंचीचा वाटतो. आयव्हर्सनची नोंदवलेली उंची सहा फूट होती, आणि तीही थोडी उदार मनाने लिहिली असावी, असा माझा समज आहे. गुण करण्याची वृत्ती शूटिंग गार्डची, म्हणजे मुख्यतः शॉट मारणाऱ्या गार्डची, आणि चण मात्र पॉइंट गार्डची, म्हणजे चेंडू वर आणून चाल रचणाऱ्या छोट्या गार्डची, अशा खेळाडूची खरी अडचण बचावात होते, कारण समोरचा साडेसहा फुटी गार्ड त्याच्याकडे पाठ करून त्याला टोपलीकडे रेटतो आणि सरळ डोक्यावरून शॉट मारतो. आमच्या चमूत असाच एक मुलगा होता. तो एका टोकाला वीस गुण करायचा आणि दुसऱ्या टोकाला तेवढेच देऊन यायचा.

फिलाडेल्फियाचे प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांनी यावर काढलेला तोडगा मला त्या संघातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. त्यांनी आयव्हर्सनला चेंडू वर आणण्याच्या कामातून मोकळे केले आणि ते काम एरिक स्नोकडे सोपवले. आक्रमणात स्नो पॉइंट गार्ड असे, आयव्हर्सन बेसलाइनवरून, म्हणजे टोपलीमागच्या सीमारेषेवरून, धावत मोठ्या खेळाडूंच्या स्क्रीनला (बचावपटूची वाट अडवून उभ्या सहकाऱ्याला) वळसा घालून बाहेर येई, आणि चेंडू हाती पडेपर्यंत त्याच्यावरचा माणूस निदान एक पाऊल मागे पडलेला असे. बचावात हीच जोडी उलटी होई, म्हणजे दांडगा स्नो समोरच्या मोठ्या गार्डला धरी आणि आयव्हर्सन छोट्याला. ॲरन मॅकी, जॉर्ज लिंच आणि टायरोन हिल हे सगळे अंगमेहनत करणारे गडी होते. त्यांना शॉट मिळाले नाहीत तरी ते रुसत नसत. आयव्हर्सनचा चुकलेला शॉट रिंगवरून उडाला की हिल आणि टोपलीखालचा उंचपुरा मुटोम्बो त्यावर तुटून पडत, म्हणून तो चुकलेला शॉटसुद्धा कित्येकदा पुढच्या टोपलीची सुरुवात ठरे.

हा संघ एका दिवसात जमलेला नव्हता. डिसेंबर १९९७ मध्ये जेरी स्टॅकहाउस या दुसऱ्या गुणवीराला डेट्रॉइटला देऊन मॅकी आणि थिओ रॅटलिफ आणले गेले, आणि फेब्रुवारी २००१ मध्ये रॅटलिफसह काही खेळाडू अटलांटाला देऊन डिकेम्बे मुटोम्बो घेतला. त्या हंगामात संघाने ५६ सामने जिंकले, आणि सर्वोत्तम प्रशिक्षक, बचावपटू आणि राखीव खेळाडू हे मान अनुक्रमे ब्राउन, मुटोम्बो आणि मॅकी यांना मिळाले. मान एकट्या आयव्हर्सनच्या गळ्यात पडला नव्हता, हे विसरू नये.

पिव्होट:
नागपूरकरांचे म्हणणे मान्य आहे, पण त्यातूनच माझी शंका निघते. ज्याच्याजवळ दुसरा गुण करणारा टिकत नाही, त्याचे मोल आपोआप कमी होत नाही का? २००५-०६ मध्ये सोबत ख्रिस वेबरसारखा गुण करणारा होता, आयव्हर्सनची सरासरी ३३ गुणांची होती, तरीही संघ ३८ विजय आणि ४४ पराभवांवर थांबला आणि प्लेऑफबाहेर राहिला.

पुढची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. पुढे तो डेन्व्हरच्या संघात गेला. २००७-०८ मध्ये डेन्व्हरला कार्मेलो अँथनी या गुणवीराच्या जोडीने त्याने ५० सामने जिंकून दिले, पण पहिल्याच फेरीत लेकर्सनी ४-० ने गाशा गुंडाळायला लावला. नोव्हेंबर २००८ मध्ये डेन्व्हरने त्याला डेट्रॉइटला देऊन गार्ड चॉन्सी बिलप्स घेतला. बिलप्स गुण कमी करी, पण डेन्व्हर पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचले. आदल्या वर्षी ५९ सामने जिंकणारे डेट्रॉइट मात्र ३९ वर आले, आणि शेवटी आयव्हर्सनला राखीव खेळाडू म्हणून बाकावरून उतरवण्याची वेळ आली, जी त्याला रुचली नाही.

आकडेमोड:
डेट्रॉइटच्या वेळी तो तेहतिशीचा होता आणि त्याचे सारे बळ पहिल्या पावलाच्या वेगात होते. त्या वयाचा पुरावा २००१ च्या खटल्यात चालणार नाही. उलट, आपणच दिलेल्या डेन्व्हरच्या हंगामात त्याचे ४५.८ टक्के शॉट बसले, कारण समोरच्यांना अँथनीकडेही पाहावे लागत होते. म्हणजे त्याला जोडीदार नकोच होता, असे म्हणता येत नाही. डेन्व्हरमध्ये त्या दोघांच्या मागे उभा राहील असा स्नोसारखा मोठा गार्ड मात्र नव्हता.

रिंगणाबाहेर:
सर्वांचे आभार. तो मान रास्त होता, एवढे आता पटले. पण नागपूरकर, तुम्ही स्वतः कोणता संघ उतरवला असता, ते राहून गेले.

नागपूरकर:
स्नोचे काम तसेच ठेवले असते, पण त्या जागी बाहेरून शॉट मारू शकणारा माणूस शोधला असता, कारण स्नोला मोकळे सोडून समोरचे लोक आयव्हर्सनवर दोघे-दोघे जात होते. लिंचच्या जागीही बचाव न सोडता कोपऱ्यातून तीन गुणांचा शॉट मारणारा एक जण घेतला असता. स्टॅकहाउसला मी परत आणले नसते. त्याला आणि आयव्हर्सनला, दोघांनाही चेंडू हातातच लागतो. मुटोम्बोला हलवण्याचा प्रश्नच येत नाही. आयव्हर्सनला चकवून आत शिरलेल्या माणसासमोर टोपलीखाली तोच उभा असायचा.