मदत हवी आहे: बाबांच्या प्रोस्टेटसाठी युरोलॉजिस्ट कसा निवडावा?

बाबा ७२ वर्षांचे आहेत. सोनोग्राफीत प्रोस्टेट ८५ ग्रॅम आलंय आणि लघवी करून आल्यावरही मूत्राशयात १८० मिली उरते. टॅमसुलोसिन आणि ड्यूटास्टेराइड ८ महिने चालू आहे, पण फारसा फरक नाही. रात्री पाच वेळा उठतात, भिंतीला हात टेकून दहा-दहा मिनिटं उभे राहतात, तरी थेंब थेंबच. बघवत नाही.

पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) ४.१ होता, तोही गोळ्या सुरू करण्याआधीचा. (ड्यूटास्टेराइडने तो साधारण निम्म्यावर येतो, म्हणून मुद्दाम सांगतेय.) लघवीत जंतुसंसर्ग नाही, मधुमेह नाही. मात्र हृदयात स्टेंट आहे, क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ करणारी गोळी) चालू आहे आणि ती आपल्या मनाने थांबवायची नाही असं हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलंय.

दोन सर्जनना दाखवलं. एक म्हणतात टीयूआरपी (लघवीच्या मार्गातून दुर्बिणीने प्रोस्टेट खरवडून काढणं) करू, दुसरे म्हणतात एवढ्या मोठ्या प्रोस्टेटला होल्मियम लेझर बरं, रक्तस्रावही कमी. मला दुसरं पटतंय, पण ते स्वतः लेझर करत नाहीत.

ज्यांच्या घरी रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना हे लेझर ऑपरेशन झालंय, त्यांनी कृपया सांगा: सर्जनचा यात खरंच हात बसलेला आहे, हे तुम्ही कसं ओळखलंत? पहिल्या भेटीत नेमकं काय विचारलंत?