क्यूआर तिकीट-तपासणी: प्रवेशद्वारावर इंटरनेट बंद पडल्यास?

प्रश्न: कोल्हापूरच्या दसरा चौकातील शाहू स्मारक भवनात आमच्या हौशी संस्थेचा नाट्यप्रयोग असून, या वेळी दोन रांगांमध्ये मोबाइलने क्यूआर तिकिटे तपासण्याचा विचार आहे. ऐन गर्दीत इंटरनेट बंद पडल्यास एकाच तिकिटावर दोघे आत जाणार नाहीत, याची खात्री कशी करावी?

उत्तर १: तिकिटांची यादी दोन्ही फोनवर आधीच उतरवून घेतल्यास इंटरनेटशिवाय तपासणी होते, मात्र एका फोनवर नोंदवलेला प्रवेश दुसऱ्याला कळत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवलेले तिकीट नेमके तेथेच चालून जाते. म्हणून आसनक्रमांकानुसार रांगा विभागाव्यात, म्हणजे प्रत्येक तिकीट ठरलेल्या एकाच फोनसमोर येईल. माझ्या मते हाच सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

उत्तर २: आपल्या प्रणालीत सोय असल्यास लॅपटॉप व राउटर दाराशी ठेवून दोन्ही फोन त्याला वायफायने जोडावेत; बाहेरचे इंटरनेट नसतानाही नोंद एकाच ठिकाणी होते. वीज गेल्यास राउटरला बॅटरी हवीच.

उत्तर ३: छापील तिकिटेही असतील, तर क्यूआर कोडची ‘एच’ त्रुटी-दुरुस्ती पातळी निवडावी, सुमारे 30 टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. कोल्हापूरच्या पावसात हे महत्त्वाचे आहे. ज्येष्ठ रसिकांसाठी नावांची कागदी यादीही दाराशी असावी.