अंडकोष नक्की कुणाचा?

रावपुरेकर: दिवाळी अंकासाठी प्रयोगशाळेतल्या स्त्रीबीजांवर लेख लिहितोय. दोन ठिकाणी अडलंय. गर्भात फार लवकर वेगळ्या पडणाऱ्या, पुढे ज्यांचं बीज होतं त्या पेशींना काय म्हणू? 'आदिजननपेशी' लिहिलं, तर बायको म्हणते, आदिमानवाची चुलतबहीण वाटते. दुसरी अडचण क्रियापदाची. जपानात क्योतोला हायाशी आणि साइतोऊ या शास्त्रज्ञांनी 2012 साली उंदराच्या मूलपेशींपासून (स्टेम सेल) अशा पेशी केल्या, पण पुढच्या वाढीसाठी त्या उंदराच्या मादीच्या पोटात ठेवाव्या लागल्या. 2016 मध्ये बीज तयार होईपर्यंतचं सगळं बशीतच झालं. एडिनबरात 2018 साली मात्र बायकांच्या अंडाशयाच्या तुकड्यांत मुळातच असलेली कोवळी बीजं बाहेर वाढवली. उंदरांच्या कामाला 'घडवणे', एडिनबराच्या कामाला 'वाढवणे', चालेल?

खारीवावची माई: चालेल की. पण गुजरातीच्या नादानं 'अंडकोष' लिहू नका हं. आमच्या सुनेला इथे बडोद्यात दवाखान्यात गुजराती फॉर्म मिळाला, त्यात 'अंडकोषोनी संख्या'. विहीणबाई पुण्याच्या. कागद वाचून म्हणाल्या, "अहो, हा जावईबापूंचा इकडे कसा आला?"

संस्कृतवेडा: गुजराती बिचारी सरळ आहे. कोष म्हणजे पेशी, म्हणून शुक्रकोष, अंडकोष. वाकडे आपण. आपली पेशी हिंदीत गेली की स्नायू होते. आणि अमरकोशात 'पेशी कोशो द्विहीनेऽण्डम्'; तिन्हींचा अर्थ अंडंच. म्हणजे अंडपेशी काय नि अंडकोष काय, अंड्याचं अंडं!

खारीवावची माई: अमरसिंहाकडे सूक्ष्मदर्शक नव्हता हो. सस्तन प्राण्याचं बीज बेअर नावाच्या शास्त्रज्ञाला दिसलं 1827 मध्ये. अर्थ आपण नंतर चिकटवले.

बशीवाली: मी याच कामात आहे. या पेशींना आम्ही दिवसभर 'पीजीसी' म्हणतो, म्हणजे प्रायमॉर्डियल जर्म सेल; कुणाचं अडत नाही. जर्मचा जंतू तेवढा करू नका, मूळ लॅटिन शब्द अंकुराचा. रावपुरेकर, तुमचं 'वाढवणे' अपुरं पडेल. बीज आधी आकारानं वाढतं, मग पक्व होतं, तेव्हा गुणसूत्रं निम्मी व्हायला लागतात. ही दोन कामं वेगळी. आणि माणसाच्या बाबतीत 'घडवलं' नकोच. 2018 मध्ये क्योतोत माणसाच्या पेशी उंदराच्या गर्भातल्या अंडाशयपेशींसोबत चारेक महिने ठेवल्या, तरी बीजाच्या आधीच्या पायरीपर्यंतच पोचल्या.

रावपुरेकर: मग 'अंकुरपेशी'?

संस्कृतवेडा: गव्हाची वाटते.

दांडियाबाजार: सयाजीरावांनी 1931 साली आठ भाषांचा शासनशब्दकल्पतरू काढला. तशी समिती बसवा, उगाच ज्यानं त्यानं शब्द पाडू नयेत.

खारीवावची माई: तो कारभाराचा कोश, काका. तिथे बाळंतपण कुठलं? मी म्हणते 'स्त्रीबीज' ठेवा, बायकांना कळतं.

बशीवाली: माई, 2023 मध्ये हायाशींच्याच गटानं नर उंदराच्या पेशींपासून बीजं केली. 630 गर्भ मादीत ठेवले, 7 पिल्लं जन्मली. त्याला स्त्रीबीज म्हणणार?

खारीवावची माई: म्हणजे विहीणबाई अगदीच चुकल्या नव्हत्या!

संस्कृतवेडा: ते राहू द्या. अमरकोशातला कोश तालव्य आणि फॉर्मवरचा कोष मूर्धन्य, हे कुणी पाहिलं का?

दांडियाबाजार: राजकोषातही मूर्धन्यच लिहितात.

रावपुरेकर: अहो, आदिजननपेशीचं काय?

संस्कृतवेडा: राजकोशही शुद्धच आहे, काका. तुमचा आग्रह कुठल्या नियमानं?