मागणीपत्र दिलं, आता बोलणी: कशावर अडून बसायचं?

रातपाळी७७
पुण्यातलं धर्मादाय ट्रस्टचं २४० खाटांचं रुग्णालय. नर्सेस १८५, त्यांपैकी ६० कंत्राटदाराच्या मस्टरवर. युनियन नोंदणीकृत आहे आणि एकच आहे. पुढच्या आठवड्यात पहिली बैठक. व्यवस्थापनाचा निरोप आधीच आलाय: माणशी ४,००० रुपये सीटीसीत (मालकाचा एका कर्मचाऱ्यावरचा एकूण खर्च) वाढ, करार तीन वर्षांचा, आणि मनुष्यबळाचा विषय करारात नको. ४,००० वर तडजोड करावी का? नर्स-रुग्ण प्रमाण लिहायचं कसं? बोलणी फिसकटली तर लगेच संपाची नोटीस द्यावी का?

हिशेबनीस
सीटीसीतले ४,००० म्हणजे हातात ४,००० नव्हेत. ही वाढ सगळी मूळ पगारात धरली आणि पीएफ पूर्ण मूळ पगारावर कापला जात असेल, तर मालकाच्या हिश्श्याचा १२ टक्के पीएफ आणि ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी याच ४,००० मधून जाते. उरतात सुमारे ३,४२५. त्यातून तुमचा १२ टक्के पीएफ गेला की हातात ३,०१० च्या आसपास. म्हणून मागणी सीटीसीत करूच नका. 'मूळ पगार अधिक महागाई भत्ता यात इतकी वाढ' असं लिहा. वेतनाच्या नव्या व्याख्येनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. भत्त्यांचा फुगा करून पीएफ-ग्रॅच्युइटी वाचवायची जुनी युक्ती आता तितकीशी चालत नाही.

आकडा मागताना आधार हवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीची शिफारस अशी: २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात पगार राज्य सरकारी नर्सइतका, १०० हून अधिक खाटा असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांत फार तर २५ टक्के कमी, ५० खाटांखाली किमान २०,०००. तुम्ही पहिल्या गटात बसता. महाराष्ट्रात सरकारी अधिपरिचारिकेचा मूळ पगार ३५,४०० पासून सुरू होतो, महागाई आणि घरभाडे भत्ता वेगळा. ही शिफारस आहे, कायदा नाही, हे समोरचे पहिल्या पाच मिनिटांत ऐकवतील. ऐकवू द्या. केरळात २०१८ ला अधिसूचना काढून किमान वेतन २०,००० झालं ते नर्सेसच्या संघटित दबावामुळेच, आणि तिथेही सुरुवात शिफारशीपासूनच झाली होती.

शिवाय सगळ्यांना सारखी रक्कम दिली की १५ वर्षांच्या सिस्टर आणि काल आलेली जीएनएम (नर्सिंग पदविकाधारक) यांच्यातलं अंतर आणखी पातळ होतं. ठोक वाढीबरोबर सेवेच्या दर वर्षामागे ठरावीक रक्कम मागा.

ड्यूटीलिस्ट
खरं भांडण मनुष्यबळाचं आहे, म्हणूनच ते विषय टाळतायत. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयात १:५ (एका नर्समागे पाच रुग्ण), अध्यापन रुग्णालयात १:३, अतिदक्षता विभागात १:१, आणि वर रजेवरच्यांच्या जागी ३० टक्के राखीव नर्सेस. करारात नुसतं '१:५' लिहिलंत की फसलात. तिन्ही पाळ्यांची डोकी एकत्र मोजून 'प्रमाण पूर्ण आहे' असं दाखवता येतं. 'प्रत्येक पाळीत, प्रत्यक्ष बेडसाइडवर, इन्चार्ज, ट्रेनी आणि विद्यार्थिनी वगळून' हे शब्द हवेतच.

३० खाटांचा वॉर्ड घ्या. १:५ ने पाळीला ६, तीन पाळ्यांत १८. पण एक नर्स वर्षात ३६५ दिवस येत नाही. ५२ ऑफ, ८ सण आणि सुमारे ३० रजा वजा केल्या तर उरतात २७५. मग १८ × ३६५ ÷ २७५ = जवळपास २४. कागदावर १८ मंजूर असतील तर उरलेल्या सहा जणींचं काम डबल ड्यूटी आणि रद्द केलेले ऑफ यांतून निघतं. बैठकीला जाताना गेल्या तीन महिन्यांच्या ड्यूटी लिस्ट, रात्री बाराचा सेन्सस (दाखल रुग्णांची मोजणी) आणि डबल ड्यूटीची नोंद, तिन्ही घेऊन जा. वॉर्डनिहाय तक्ता असेल तर 'भावना समजतो' हे उत्तर देता येत नाही.

ओव्हरचा, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्ण सोपवण्याचा, अर्धा तासही मोजा. २६ दिवसांचे १३ तास महिन्याला फुकट जातात.

कामगारवकील
संपाच्या नोटिशीची घाई नको. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. नोटीस दिल्यावर १४ दिवस संप करता येत नाही, आणि नोटीस ६० दिवसांतच वापरावी लागते. मध्येच समेट अधिकाऱ्याने (वाद मिटवायला मध्यस्थी करणारा सरकारी अधिकारी) पहिली बैठक घेतली की समेट सुरू झाला असं धरतात. तो चालू असताना आणि संपल्यावर सात दिवस संप बेकायदा. म्हणजे १५ व्या दिवशी उतरायचं गणित बहुतेक वेळा कोलमडतं. मास सीएल (सामूहिक किरकोळ रजा) हीही पळवाट राहिलेली नाही: निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा घेतली तर तो संपच. बेकायदा संपात उतरणाऱ्या कामगाराला १,००० ते १०,००० दंड, महिनाभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही. तोवर काळ्या फिती, जेवणाच्या सुटीत द्वारसभा.

त्याहून मोठा धोका 'ट्रस्ट' या शब्दात आहे. सर्वस्वी किंवा बहुतांशी धर्मादाय, समाजसेवी काम करणाऱ्या संस्थांच्या आस्थापना संहितेने 'उद्योगा'तून वगळल्या आहेत. व्यवस्थापनाचा वकील हा मुद्दा काढणारच. उत्तर आजच तयार ठेवा. धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत. बाकी ८० टक्क्यांचं बिल निघतं. ट्रस्टचा ताळेबंद धर्मादाय आयुक्तांकडून मिळवा. निकाल काय लागेल ते आत्ता कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण त्या कागदाशिवाय बसू नका.

शेवटी करार समेट अधिकाऱ्यासमोर करा. आपसातला करार सह्या करणाऱ्या पक्षांपुरता, समेट अधिकाऱ्यासमोरचा सगळ्या कामगारांना लागू.

हिशेबनीस
वकीलसाहेब बरोबर, पण ६० कंत्राटी विसरू नका. मुख्य कामात कंत्राटी कामगार नकोत असा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती या दुसऱ्या नव्या संहितेचा सर्वसाधारण नियम आहे, आणि रुग्णालयाचं मुख्य काम रुग्णसेवाच. अपवादांची यादी मोठी आहे, म्हणून 'टप्प्याटप्प्याने सामावून घेऊ' एवढ्यावर सही करू नका. रुजू तारखेनुसार ६० नावं जोडपत्रात, आणि प्रत्येक टप्प्याची तारीख.

रातपाळी७७
धन्यवाद. इन्चार्ज सिस्टरना सभासद ठेवावं का? मेट्रन (नर्सिंग विभागाच्या प्रमुख) म्हणतात, इन्चार्ज कामगार नाहीत.

कामगारवकील
पर्यवेक्षकाचं काम आणि दरमहा १८,००० च्या वर वेतन असेल तर 'कामगार' व्याख्येतून बाहेर. पण पदनाम नव्हे, प्रत्यक्ष काम बघतात. रजा मंजूर करणं, शिस्तभंगाचा मेमो देणं त्यांच्या हातात नसेल आणि त्या स्वतः औषधं देत, ड्रेसिंग करत असतील तर त्या कामगारच. कामाचं स्वरूप लेखी मागवा. बहुतेक ठिकाणी तो कागदच नसतो.