ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) मुलाखतीसाठी परिचारिकांनी उपकरणांची नावे पाठ करावीत का?

कळव्याची सिस्टर :
ठाण्यातील एका खासगी रुग्णालयात ओटीसाठी परिचारिका निवडायच्या असतात, तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांमध्ये मीही बसते. नुकत्याच बी.एस्सी. नर्सिंग किंवा जी.एन.एम. (नर्सिंगची पदविका) होऊन आलेल्या बहुतेक मुलींनी मोबाईलवरची चित्रे पाहून शंभरएक उपकरणांची नावे पाठ केलेली असतात, आणि ही मेहनत वाया जाते असे माझे स्पष्ट मत आहे. नावे कामावर आल्यावर महिना-दोन महिन्यांत आपोआप तोंडी बसतात.

मी वेगळेच विचारते. पोट शिवायला घेतले आहे, मोजणीत एक मॉप (रक्त टिपायला वापरलेले कापड) कमी भरतो आहे, रात्रीचे साडेअकरा झाले आहेत आणि सर्जन म्हणतात, ‘असेल बादलीत कुठेतरी, टाका द्या.’ तुम्ही काय कराल? ‘मी शोधेन’ असे सगळ्याच म्हणतात. मोजणी जुळत नाही हे सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगेन, सर्क्युलेटिंग सिस्टरला (निर्जंतुक भागाबाहेर राहून मदत करणारीला) बादली, फरशी आणि ड्रेपच्या, म्हणजे रुग्णावर अंथरलेल्या निर्जंतुक कापडाच्या, घड्या पाहायला लावेन, तरीही सापडला नाही तर पोट बंद होण्यापूर्वी टेबलावरच एक्स-रे काढायला सांगेन (मॉपमध्ये एक्स-रेवर दिसणारा धागा त्यासाठीच तर असतो) आणि घडले ते नोंदवून ठेवेन, असे क्रमाने बोलणारी मुलगी क्वचितच भेटते. म्हणून पाठांतर सोडावे आणि आपण स्क्रब (हात धुऊन सर्जनला उपकरणे देणारी परिचारिका) आहोत असे धरून एखाद्या शस्त्रक्रियेची, उपकरणांची ट्रॉली लावण्यापासून शेवटच्या मोजणीपर्यंतची हकिगत मोठ्याने सांगण्याचा सराव करावा.

नेरूळची नवी परिचारिका :
ताई, आपले म्हणणे योग्य असले तरी ते टेबलापलीकडे बसणाऱ्यांचे आहे. गेल्या महिन्यात नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात माझ्यापुढे ट्रे ठेवून ‘बॅबकॉक उचला’ असे सांगण्यात आले, मी घाईत अ‍ॅलिस उचलला, आणि ‘कळवतो’ या शब्दावर मुलाखत पाच मिनिटांत आटोपली. मॉपच्या प्रश्नापर्यंत मी पोहोचलेच नाही. कॉलेजच्या ओटी पोस्टिंगमध्ये टेबलाभोवती सर्जन, त्यांचे रेसिडेंट आणि तिथल्या जुन्या सिस्टर असायच्या. आम्ही भिंतीला पाठ लावून उभ्या, आणि आमच्या वाट्याला निर्जंतुकीकरणाचे ड्रम भरणे व गॉजच्या घड्या घालणे. जे हाताळायलाच मिळाले नाही, ते आम्ही निदान पाठ तरी करू नये काय?

वाशीचे ब्रदर :
माझे मत दोघींपेक्षा वेगळे आहे. नव्या पदवीधराने थेट ओटीत येऊच नये. किमान वर्षभर सर्जिकल वॉर्डात किंवा रिकव्हरीत (शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला काही काळ ठेवतात त्या खोलीत) काढावे. ओटीतला रुग्ण भुलीखाली असतो, तो तक्रार करत नाही, आणि जाग्या माणसाला घाम फुटताना, त्याची नाडी वाढत रक्तदाब उतरताना ज्याने पाहिलेले नाही, त्याला मॉनिटरवरच्या आकड्यांतून काही समजत नाही.

मुलाखतीत मी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणलेल्या शस्त्रक्रियेच्या सुरक्षा यादीवर प्रश्न विचारतो. भूल देण्यापूर्वी, त्वचेला छेद देण्यापूर्वी आणि रुग्ण ओटीबाहेर जाण्यापूर्वी असे तिचे तीन टप्पे आणि १९ मुद्दे मुले घडाघडा म्हणतात. पहिला टप्पा भुलीच्या आधीच का, असे विचारले की मात्र शांतता पसरते. आपले नाव काय, शस्त्रक्रिया कोणती आणि कोणत्या बाजूची, हे रुग्णाने जागेपणी स्वतः सांगायचे असते. डावा गुडघा की उजवा हे फाईलमध्ये असतेच, पण फाईलही माणसानेच लिहिलेली असते. ज्याने वॉर्डातून रुग्णाला ओटीत पाठवताना संमतिपत्र, शरीरावरची खूण आणि उपाशीपणाची वेळ तपासली आहे, त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

घोडबंदरची स्क्रब :
ब्रदर, मी कॉलेजातून थेट ओटीत आले, आणि आपला सल्ला मानला असता तर बहुधा आजही वॉर्डातच असते, कारण एकदा वॉर्डात हात बसलेली परिचारिका मेट्रन सहजी सोडत नाहीत. शिवाय वॉर्डातून आलेल्यांना काही सवयी मोडाव्या लागतात. तिथे ग्लोव्हज मुख्यतः आपल्या बचावासाठी घालतात, इथे हात रुग्णासाठी निर्जंतुक राखायचे असतात; ते छाती आणि कमरेच्या मध्येच ठेवायचे, गाऊनची पाठ निर्जंतुक धरायची नाही, आणि ट्रॉलीचा फक्त वरचा पृष्ठभाग आपला, खाली लोंबणारे कापड नाही. कोऱ्या पाटीवर हे लवकर उमटते.

कळव्याची सिस्टर :
नेरूळच्या ताईंचा अनुभव वाचून मला माझे विधान थोडे बदलावे लागते आहे. पाठांतर असावे, पण ते कामासकट. अ‍ॅलिसच्या टोकाला बारीक दात असतात, त्यामुळे तो घट्ट पकडतो आणि नाजूक भागाला इजा करू शकतो. बॅबकॉकचे टोक गोलसर आणि बिनदाती असते, म्हणून तो आतडे किंवा गर्भनलिका धरायला वापरतात. हे कारण ज्यांना ठाऊक आहे, त्यांचा हात घाईतही चुकीकडे सहसा जात नाही. अशी तीसएक उपकरणे पुरेत.

ब्रदरांचे मत मात्र मला मान्य नाही. रुग्णाची स्थिती ओळखायला ओटीतही शिकता येते, शिकवणारा हवा.

‘किती केसेस स्क्रब केल्या?’ हा प्रश्न येतोच, आणि त्यावर फुगवून सांगू नये. एकीने मला चाळीस सिझेरियन सांगितली. शस्त्रक्रियेच्या चाकूच्या चार नंबरच्या हँडलला कोणते ब्लेड बसते, असे विचारले तर म्हणाली पंधरा. पंधरा नंबर तीनच्या हँडलचे. चारला वीसपासून पुढची लागतात. त्याच दिवशी दुसरी म्हणाली, ‘स्वतंत्रपणे एकही नाही, दोन सिझेरियनना दुसरी स्क्रब म्हणून हात धुतले, आणि एकदा माझा ग्लोव्ह लाईटला लागला. कोणी पाहिले नव्हते, पण मी सांगून बदलून घेतला.’ तिला आम्ही घेतले.

नेरूळची नवी परिचारिका :
ताई, पुढची मुलाखत ठाण्यात आहे. ‘रात्री दोनला बोलावले तर कशा याल?’ असे विचारतात म्हणे. त्या वेळी नेरूळहून ठाण्याला येणारी ट्रान्स-हार्बरची लोकल गाडी नसते. इथे खरे बोलून चालेल का?

वाशीचे ब्रदर :
चालेल, पण नुसते ‘गाडी नसते’ म्हणून थांबू नका. ऑन-कॉलच्या रात्री रुग्णालयात थांबायची खोली किंवा रुग्णालयाची गाडी मिळते का, हे तुम्हीच विचारा आणि मिळत नसेल तर तुमची सोय काय ते सांगा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचे मूळ प्रमाणपत्र सोबत ठेवा. बाकी वर्षभर वॉर्डाचा मुद्दा मी सोडलेला नाही, पण आता अर्ज केलाच आहे, तर बॅबकॉक बघायला शनिवारी दुपारी वाशीला या; आमच्याकडे जुना शिकवायचा ट्रे आहे, इनचार्ज सिस्टरांना विचारून ठेवतो.